आवाज बंद करून पाहिलेला पिक्चर

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज येतो. मुलांच्या परीक्षा सुरू आहेत, तरी टीव्हीचे आवाज कृपया घरातल्या घरात ठेवावेत. दरवर्षी मजकूर तोच आणि खाली जोडलेले हातही तेच. यंदाही आला. आमच्या घरात आता परीक्षेला बसणारं असं कुणी राहिलेलं नाही. लेक सई कॉलेजात गेली, तिच्या परीक्षा कधी येतात नि कधी संपतात याचा मला पत्ताही लागत नाही. तरी मेसेज वाचला आणि माझा हात आपसूक रिमोटकडे गेला. टीव्ही बंदच होता.

परीक्षेचा मोसम म्हटला की लोकांना म्हणे कोऱ्या पुरवण्यांचा वास आठवतो. मला महानारायण तेलाचा आठवतो. मुलुंडच्या आमच्या हॉलची उन्हाने तापलेली खिडकी, तिच्यावर ओला करून टाकलेला पंचा, पंख्याची घरघर, पलीकडच्या गल्लीत पाडायला काढलेल्या इमारतीवरचं ड्रिल, आणि या सगळ्याच्या खालून, कान दिला तरच ऐकू येणारी आईची कुजबुज. मालवणीतली. टीव्हीवर अमेरिका चाललेली असायची आणि तिला आवाज नसायचा.

ते वर्ष सईच्या दहावीचं. नवऱ्याची बदली त्याच वर्षी नागपूरला झालेली. आणि नाताळच्या सुट्टीत, विक्रोळीच्या घरात सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातून ब्रश पडला तो पडलाच. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचा गेली. हॉस्पिटलातून त्यांना आणि आईला थेट माझ्याकडे आणलं, कारण विक्रोळीच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. डॉक्टर म्हणाले, पाय हळूहळू येईल. बोलण्याचं मात्र जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच. नंतर फारशी आशा धरू नका. हे त्यांनी बाहेरच्या पॅसेजमध्ये सांगितलं. तेव्हापासून मी जणू घड्याळाकडे बघत जगत होते. बाबा बोलायला हवेत. एक शब्द तरी. खरं सांगायचं तर मला माझं नाव हवं होतं.

त्या महिन्यांतलं मला मुख्यतः काय आठवतं, तर थकवा. नुसता दमलेपणा नव्हे, तो झोपल्यावर जातो. हा झोपेतून उठतानाच अंगावर असायचा. सकाळी घाटकोपरचं ऑफिस, साहेबांच्या मेहरबानीने दुपारनंतर घरून काम, त्यात बाबांचं बेडपॅन, सईचं वेळापत्रक, गॅसवर मऊ भात, कानाला लावलेला फोन. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी विम्याचे दावे तपासायची. दुसऱ्यांच्या आजारपणाचे कागद. कधी कधी एखाद्या कागदावर बाबांच्याच वयाच्या कुणाचं तरी बाबांचंच दुखणं निघायचं आणि मी तो कागद पटकन पुढे सरकवायची.

बाबा म्हणजे बोलणारा माणूस. विक्रोळीच्या मोठ्या कारखान्यात ते टूलरूमला होते, पण त्यांची खरी नोकरी कॅन्टीनमध्ये चालायची, असं त्यांचे मित्र म्हणत. टेबलाभोवती दहाजण हसतायत आणि मध्ये बाबा, हे चित्र मी स्वतः पाहिलंय. घरी आले की तोच कार्यक्रम पुढे. फोरमनची नक्कल, वॉचमनची नक्कल, आमच्या शाळेच्या बाईंची नक्कल. आई आतून पोळ्या लाटता लाटता ऐकायची. हसायची की नाही, ते मला सांगता येणार नाही. आम्ही आत बघायचो नाही.

आणि या माणसाचं प्रेम होतं हिंदीत डब केलेल्या अमेरिकन विनोदी पिक्चरवर. सुट्टीच्या दिवशी दुपारी कुठल्या ना कुठल्या चॅनलवर एखादा लागायचाच, पुढे बाबा रिटायर झाल्यावर रोजच. पेंटच्या आणि टॉनिकच्या जाहिरातींच्या मधून थोडा थोडा पिक्चर. नाव काहीतरी अचाट ठेवलेलं. त्यात टकला साहेब पंजाबी ढंगात ओरडणार, शेजारीण लखनवी नजाकतीने भांडणार आणि पोलीस हटकून हरियाणवी. बर्फ पडतंय, पाइनची झाडं उभी आहेत, आणि त्यातून कानटोपी घातलेला गोरा गडी येऊन म्हणतो, "अबे ओ चिरकुट, मेरी पार्किंग में किसने गाडी घुसेडी?" बाबा गडगडून हसायचे. चहा सांडायचा.

मी तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होते आणि शिकलेल्या माणसाला जे जे खटकायला हवं ते ते सगळं मला वेळच्या वेळी खटकत होतं. "बाबा, ओठ बघा जरा," मी म्हणायची. "ओठ एक बोलतायत, आवाज भलतंच. तुम्हाला कसं सहन होतं? मूळ इंग्लिश बघा ना, मी सांगते अर्थ."

"ओठांकडे कित्याक बघूचा?" बाबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचे. "डोळ्यांकडे बघ. इंग्लिशात बोललो की तो परको वाटता. हिंदीत बोललो की आमच्या टूलरूमातलो वाटता."

हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता मला त्यातली मेख कळते. त्यांच्या टूलरूममध्ये फोरमन सरदारजी, पलीकडच्या मशीनवर केरळचा एक, त्याच्या पलीकडे बलियाचा, आणि सगळे हिंदीत बोलायचे. ती कुणाच्याच घरची नव्हती. बाबांची हिंदी तर मालवणीनेच हिंदीचा शर्ट घातल्यासारखी. सबंध पाळीभर मनात एका भाषेत यायचं आणि तोंडातून दुसरीत काढायचं, हेच ज्यांचं काम, त्यांना त्या गोऱ्यांच्या ओठांचं काय वाटणार? मीसुद्धा दिवसभर ऑफिसात इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करते. त्यातला एक शब्द माझ्या मनातला नसतो.

शिवाय त्या पिक्चरमधली माणसं श्रीमंत असली तरी त्यांची फजिती आपल्या ओळखीची असायची. भलंमोठं स्वयंपाकघर, मधोमध चबुतरा, दोन-दोन फ्रिज, आणि सिंकखालचा पाइप मात्र फुटणारच. बाबा पुढे सरसावून बसायचे. "पानो बघ कसो धरल्यान. ह्याका कोणी शिकवल्यान नाय." इतक्या लांबच्या, इतक्या पैसेवाल्या माणसाला पाना धरता येत नाही आणि आपल्याला येतो, याचं एक सुख असावं. आणि दुसरं म्हणजे, थकलेल्या माणसाला असा विनोद लागतो जो आपल्याकडून काही मागत नाही. मराठी नाटकाला आपण चांगले कपडे घालून जातो आणि हसताना आजूबाजूला बघतो. इंग्रजी पिक्चर आपली परीक्षा घेतो. डब केलेला पिक्चर तुम्ही लुंगीवर, आडवे पडून, अर्ध्यातून बघायला लागा, मध्येच झोपा, उठा, गोरा अजून शिडीवरून पडतोच आहे. त्याची तुमच्याविषयी काही तक्रार नाही.

तर अशा माणसाची वाचा गेली, आणि त्याच मोसमात आमच्या घरात टीव्हीचा आवाज बंद झाला.

सईचा अभ्यास आतल्या खोलीत चालायचा. मधलं दार असून नसल्यासारखं. आवाज अगदी बारीक ठेवला तरी ती बाहेर यायची. तिचं म्हणणं, मोठा आवाज परवडला, बारीक आवाजात पुढचा डायलॉग काय ते मन शोधत बसतं. या पिक्चरच्या वेडात ती आजोबांच्या मांडीवर वाढलेली, तिचं खोटं नव्हतं. हेडफोन आणले तर बाबा डाव्या हाताने ते उपटून फेकायचे. खाली अक्षरं येतील असं काही त्या चॅनलवर नव्हतं, आणि असतं तरी अक्षरं त्यांना तेव्हा ओळखूच येत नव्हती. टीव्ही बंद केला की मात्र ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेवटी आवाज बंद आणि चित्र चालू, असा तह झाला. बाबा नुसती हलणारी तोंडं बघत बसायचे. त्यांचं स्वतःचं तोंड डावीकडे ओढलं गेलेलं. मला ते बघवायचं नाही, मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात जायची.

एका दुपारी हॉलमधून मला कुजबुज ऐकू आली. डोकावले तर आई बाबांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसलेली. आईला दुपारी टीव्हीसमोर बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पदर तोंडाशी धरून, स्क्रीनकडे बघत ती बाबांच्या चांगल्या बाजूच्या कानाशी बोलत होती.

"हो बघा, आता दिसभर घरातच ऱ्हवतलो. बायलेच्या पायात पायात."

"आई, काय चाललंय?" मी विचारलं.

"डायलॉग सांगतंय तेंका," आई म्हणाली. "नायतर काय कळतला?"

"तुला कुठे माहीत डायलॉग?"

"माका सगळे पाठ आसत. इतकी वर्सा रांधपात उभी रवान आयकलंय ना."

मला ते पटलं. इतकी वर्षं बाबा बाहेर चित्र बघत होते आणि आई आत स्वयंपाकघरात नुसता आवाज ऐकत होती. आता चित्र होतं, आवाज नव्हता. तो तिने आणला.

त्या महिन्यात एक पिक्चर चॅनलवाल्यांनी फार उगाळला. दोन-चार दिवसांआड तोच. एका ढेरपोट्या गोऱ्याची नोकरी सुटते, घरी बसून तो बायकोच्या कामात लुडबुड करतो, मग गॅरेजात मधमाश्या पाळायला लागतो आणि मुलीच्या साखरपुड्याच्या जेवणात त्या सुटतात. इतकं मला येता-जाता कळलं. आम्ही त्याला मधमाश्यांचा पिक्चर म्हणायचो. माझ्या टेबलावरून टीव्ही दिसायचा नाही. मला ऐकू यायचा तो फक्त आईचा.

"अवो, बाजूक सरा, माका लादी पुसूची आसा," गोरी बायको म्हणायची. अमेरिकेतली बाई नवऱ्याला अहो-जाहो करते याचं सईला फार हसू यायचं. परीक्षेच्या धास्तीतही ती दार उघडून म्हणायची, "आजी, झकास." एकदा गोरी म्हणाली, "तुमका काय, तुमी बोललात की सगळी हसतत. मी बोललंय तर कोण आयकता?" मी लॅपटॉपवर दावा तपासत मनात म्हटलं, खरंच चांगलं लिहिलंय. आणखी एकदा ती म्हणाली, "आवशीक बरा नाय म्हणान तार इली. तुमी म्हणालात, ओव्हरटाइम आसा, गणपतीक जावया. गणपतीक गेलंय तवा घरात आवस नव्हती." आता अमेरिकेत आईच्या आजारपणाची तार आणि गणपती कुठला? पण मी मान वर केली नाही. डब करणाऱ्यांना काय, ते गोऱ्याच्या तोंडी चौपाटीची भेळसुद्धा घालतात. त्यातच तर मजा असते, असं बाबाच सांगायचे.

हसण्यासारखंही पुष्कळ असायचं, नाही असं नाही. "काय ता घर, बाथरूमा चार आणि माणसा तीन." "कुत्र्याक सोफ्यार बसवल्यानी, नि सासू बघा खय बसली." बाबांच्या घशातून घरघर यायची. ते हसणं होतं हे कळायला मला काही दिवस लागले.

वाचा शिकवायला आठवड्यातून दोनदा तन्वी यायची. तरुण मुलगी, चित्रांची पुस्तकं घेऊन. कप, चमचा, फूल. बाबा चित्राकडे बघून ओठ हलवायचे, आवाज निघायचा नाही, आणि आई घाईने मध्ये पडायची, "कप, कप म्हणतत ते." एक दिवस तन्वी मऊपणानेच म्हणाली, "काकू, तुम्ही सगळं त्यांच्या वतीनं बोलून टाकता. त्यांना जागाच ठेवत नाही. वाक्य अर्धं सोडा आणि थांबा. कंटाळा आला तरी थांबा. त्यांना भरू दे."

ती गेल्यावर आई ओट्याशी येऊन कितीतरी वेळ हसत होती. "आयकलंस गो? जल्मभर ह्येंनी माका बोलूक जागा ठेवल्यानी नाय. आता मी ठेवची तेंका."

पण ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कुजबुजीत खड्डे पडायला लागले. "हो म्हणता, माझी टोपी खय..." आणि थांबायची. पंखा फिरत राहायचा. ड्रिल चालू व्हायचं, बंद पडायचं. मी आत बसल्या जागी मुठी आवळायची. काही यायचं नाही. मग आईच हळू आवाजात म्हणायची, "खय गेली," आणि गाडी पुढे जायची. मार्च सरत आला होता. सईचे शेवटचे पेपर चालू होते. पहिल्या काही महिन्यांतच, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते महिने हळूहळू संपत होते.

सईचा भूगोल झाला त्या दुपारी ती घरात होती. मी ओट्याशी ताक घुसळत होते. बाहेर मधमाश्यांचा पिक्चर लागलेला.

"दिसभर सगळ्यांका वाढतंय," आईची कुजबुज चालू होती. "तुमका, पोरांका, तुमच्या दोस्तांका. मागसून टोपाक लागलेला ता मी खातंय. तुमी कदी इचारलात नाय. बायलेक घोव काय इचारता? हिका इचारता..."

ती थांबली. मी रवी थांबवली. का, सांगता येत नाही, रोजच्यासारखाच खड्डा होता तो. पण या वेळी आईने तो भरला नाही.

"जे," असा आवाज आला. जाड, ओला. मग बराच वेळ काही नाही. मग, "जेव. लंस?"

हातातली रवी तशीच टाकून मी बाहेर धावले. सई आतून धावत आली. टीव्हीवर तो गोरा डोक्यावर मधमाश्यांची जाळीची टोपी घालून बागेतल्या पायरीवर बसलेला, आणि त्याची बायको हातात प्लेटांची चळत घेऊन त्याच्यासमोर उभी. बाबा टीव्हीकडे बघत नव्हते. ते आईकडे बघत होते, हे मला दिसलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. "आजोबा डायलॉग बोलले," सई नाचायला लागली, "आजोबांनी डायलॉग भरला." आईने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने तोंडाशी धरलेला पदर खाली घेतला आणि त्याच बारीक आवाजात म्हणाली, "होय. जेवलंय." मला वाटलं, हा पुढचा डायलॉग.

मी तन्वीला फोन केला, नवऱ्याला केला. नाक्यावरून जिलबी आणली. सगळं झाल्यावर स्वयंपाकघर आवरायला घेतलं तेव्हा ओट्यावर आईचं ताट झाकलेलं तसंच होतं. बाबांना भरवण्यात तिचं जेवण राहून गेलं होतं, रोजच राहायचं. ताटातला भात वाळला होता. मी तो गरम केला, तिला हाक मारली, ती आली आणि मुकाट्याने जेवली.

आणि मला वाईट वाटलं. चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण वाटलं. इतके महिने मी या माणसाचं तोंड पुसतेय, कूस बदलतेय, रोज सकाळी त्याच्यासमोर उकिडवी बसून माझं नाव म्हणून दाखवतेय, आणि याचा पहिला शब्द कुठला, तर टीव्हीवरच्या एका गोऱ्याचा डायलॉग. मी ताक गाळत होते आणि डोळे पुसत होते. सईला वाटलं, आनंदानेच.

पुढे बाबांना आणखी काही शब्द आले. पाणी. नको. सई. माझ्यासाठी त्यांनी एक मधलंच अक्षर पकडून ठेवलं होतं, ते मी माझं नाव म्हणून चालवून घेतलं. आणि "जेवलंस" हा तर त्यांचा पेटंट झाला. दिवसातून कितीदा तरी आईला विचारायचे. आम्ही टाळी द्यायचो, "आले, आले मधमाशीवाले." ते तसेच दीड वर्ष राहिले आणि एका सप्टेंबरात झोपेतच गेले. आई विक्रोळीला परत गेली नाही. तिचं स्टूल अजून हॉलमध्ये आहे.

यंदा मेसेज आला त्याच आठवड्यातली गोष्ट. सुट्टी होती. अंगात कणकण होती म्हणून मी सोफ्यावर पडले होते, टीव्ही लावला आणि समोर तोच पिक्चर. तोच ढेरपोट्या, तेच गॅरेज. पहिल्यांदाच मी तो नीट बघत होते, आवाजासकट. आई खाली पेपर पसरून मेथी निवडत होती, पाठ टीव्हीकडे.

सुरुवातीला मला मजाच वाटत होती. गोऱ्याला बिहारी ढंगाचा आवाज दिलेला. बायको त्याला "पप्पू" म्हणत होती. गोरा बायकोच्या वाटेत आला, म्हणजे आता लादीचा प्रसंग. मी वाट बघत होते, ती "पप्पू, मेरा मोबाइल चार्ज पे लगा दे," असं काहीतरी म्हणाली आणि निघून गेली. लादी नव्हतीच, गालिचा होता. तार आली नाही. गणपती आला नाही. तुम्ही बोललात की सगळे हसतात, हेही कुणी बोललं नाही. जाहिराती येत होत्या, जात होत्या आणि मी उठून बसले होते.

मग ती बाग आली. गोरा पायरीवर, डोक्यावर जाळी. बायको प्लेटांची चळत घेऊन समोर. "पप्पू, सौ लोग आ रहे हैं और मेरा मेकअप भी नहीं हुआ," ती म्हणाली. त्याच्या तोंडात केक कोंबलेला होता. तो काहीच बोलला नाही. जाळीच्या आत त्याच्या नाकावर मधमाशी बसली, मागून माणसं हसल्याचा आवाज आला आणि प्रसंग संपला.

"आई," मी म्हटलं, "ह्याच्यात ते जेवलंस नाहीये."

आई काडी खुडत होती. "नाय," ती म्हणाली. "ता ह्याच्यात नव्हताच कदी."

"मग तू ते सगळं..."

"माका खय इतकी हिंदी कळता." तिने पुढची जुडी ओढली. "रांधपात भांड्यांचो आवाज. बाहेरचा काय आयकाक येतला?"

ती अजून पाठमोरीच होती. त्या दुपारचं झाकलेलं ताट डोळ्यांसमोर आलं. त्यांनी विचारलं होतं आणि तिने खोटंच, जेवलंय म्हणून सांगितलं होतं, आणि मी आणि सई मध्ये उभ्या राहून टाळ्या वाजवत होतो. स्वतःच्या नावासाठी रडले होते ती दुपार आठवली आणि त्याचीही लाज वाटली नाही, नुसतं दमायला झालं.

मी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. गोरी बायको बागेतून घरात आली, ओट्याशी उभी राहिली, नवऱ्याकडे वळून तोंड हलवायला लागली. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

"आई," मी म्हटलं, "तू बोल ना. आता काय म्हणतेय ती?"

आईने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. त्या बाईचे ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते. आईने ते शेवटपर्यंत बघितलं.

"आता कोणाक सांगू?" ती म्हणाली, आणि मेथीच्या काड्या पेपरात गुंडाळून आत गेली.